कोरस लहरीत इलेक्ट्रॉन सोडताना: पहिले सिम्युलेशन कसे लिहावे

पृथ्वीच्या केंद्रापासून पाच पृथ्वी-त्रिज्या अंतरावर, म्हणजे विषुववृत्ताच्या वर साधारण २५,५०० किलोमीटर उंचीवर, बाहेरचा व्हॅन ॲलन पट्टा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा पट्टा, असतो. तिथल्या विरळ प्लाझ्मात काही किलोहर्ट्झच्या लहरी उठतात. उपग्रहाने टिपलेला त्यांचा सिग्नल स्पीकरवर लावला तर पहाटे पाखरे किलबिलावीत तसा आवाज येतो, म्हणून त्यांना कोरस हे नाव पडले. या लहरी एकाच वेळी दोन उलटी कामे करतात. काही इलेक्ट्रॉनांना त्या वातावरणात ढकलून संपवतात (स्पंदणारा ध्रुवीय प्रकाश हा त्याचाच परिणाम), तर काहींना ऊर्जा देत देत उपग्रहांना घातक ठरतील इतके वेगवान करतात. कोणत्या इलेक्ट्रॉनाच्या वाट्याला काय येणार, हे पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे संगणकात एक क्षेत्ररेषा उभारायची, तिच्यावर लहर सोडायची आणि हजारो इलेक्ट्रॉन त्यातून चालवायचे.

या लेखात नेमके तेवढेच करू. या पद्धतीला टेस्ट पार्टिकल सिम्युलेशन म्हणतात: लहर आपण ठरवून देतो, कण तिच्यात फिरतात, पण कणांमुळे लहर बदलत नाही. लहर स्वतःहून उगवताना पाहायची असेल तर पार्टिकल-इन-सेल पद्धत लागते, जिच्यात कण आणि क्षेत्र एकमेकांना बदलतात. तिच्याबद्दल शेवटी लिहिले आहे, पण सुरुवात तिथून करू नका. टेस्ट पार्टिकल कोडमध्ये झालेली चूक एका इलेक्ट्रॉनाच्या आलेखात दिसते. पार्टिकल-इन-सेलमध्ये तीच चूक कोट्यवधी कणांच्या गोंगाटात दडून बसते.

लोरेन्ट्झ बल माहीत असावे आणि पायथन, ज्युलिया, फोरट्रान यांपैकी एखादी भाषा येत असावी, एवढी तयारी पुरते. आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. या सगळ्या खटाटोपात जपायची वस्तू एकच आहे: इलेक्ट्रॉनाची गिरकी आणि लहरीची गिरकी यांच्यातला कोन, म्हणजे फेज. नवशिक्यांच्या बहुतेक चुका घडतात वेगवेगळ्या ठिकाणी, पण मार बसतो तो फेजलाच.

आधी कागदावर आकडे मांडा

कोड उघडण्यापूर्वी हे गणित हाताने करा. पुढे कोडने काहीही दाखवले तरी ताडून पाहायला हेच आकडे उपयोगी पडतात.

द्विध्रुवी क्षेत्र मानले तर विषुववृत्तावर पृष्ठभागाजवळ चुंबकीय क्षेत्र सुमारे ३१,००० नॅनोटेस्ला धरता येते. अंतराच्या घनाने ते घटते, म्हणून पाच त्रिज्यांवर ३१,००० भागिले १२५, म्हणजे २४८ नॅनोटेस्ला. इलेक्ट्रॉनाची गिरकी-वारंवारता दर नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ असते. म्हणजे इथे सुमारे ७ किलोहर्ट्झ. एका गिरकीला ०.१४ मिलिसेकंद. प्लाझ्माची घनता दर घनसेंटीमीटरला १० इलेक्ट्रॉन धरा (प्लाझ्मापॉझच्या, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या दाट थंड प्लाझ्माच्या कडेच्या, बाहेर हा आकडा रास्त आहे). प्लाझ्मा वारंवारता म्हणजे ८.९८ किलोहर्ट्झ गुणिले घनतेचे वर्गमूळ, इथे २८ किलोहर्ट्झ. दोन्हींचे गुणोत्तर साधारण ४. हे गुणोत्तर वहीत ठळक लिहून ठेवा, कारण लहरीचा वेग आणि अनुनादी ऊर्जा दोन्ही त्यावर ठरतात.

कोरसचे दोन पट्टे असतात. खालचा गिरकी-वारंवारतेच्या ०.१ ते ०.५ पटींत, वरचा ०.५ ते ०.८ पटींत, आणि मध्ये ०.५ च्या आसपास बहुधा फट. आपण खालच्या पट्ट्यातली ०.३ पट, म्हणजे २.१ किलोहर्ट्झची लहर घेऊ आणि ती क्षेत्ररेषेला समांतर जाते असे मानू. कोरस व्हिसलर जातीच्या लहरींत मोडतो. अशा लहरीसाठी अपवर्तनांकाचा वर्ग असा मिळतो:

१ + (प्लाझ्मा वारंवारता)² ÷ [लहरीची वारंवारता × (गिरकी-वारंवारता − लहरीची वारंवारता)]

आपले आकडे घातले तर १ + १६ ÷ (०.३ × ०.७) = ७७. वर्गमूळ ८.८. म्हणजे लहरीचा फेज वेग प्रकाशाच्या ०.११ पट, सेकंदाला सुमारे ३४,००० किलोमीटर, आणि तरंगलांबी सुमारे १६ किलोमीटर.

आता अनुनाद, म्हणजे इलेक्ट्रॉनाला लहर त्याच्याच गिरकीच्या तालात फिरताना दिसण्याची स्थिती. अट अशी: लहरीची वारंवारता वजा (तरंगसंख्या × समांतर वेग) बरोबर गिरकी-वारंवारता भागिले लोरेन्ट्झ गुणक (वेग प्रकाशाच्या जवळ जाऊ लागला की १ पेक्षा वाढत जाणारा सापेक्षतेचा गुणक). लहरीची वारंवारता गिरकीपेक्षा कमी आहे, त्यामुळे डॉप्लर परिणामाने ती वाढून दिसायला हवी. म्हणजे इलेक्ट्रॉन लहरीच्या समोरून यायला हवा. ही दिशा डोक्यात घट्ट बसवा. लहर उत्तरेकडे जात असेल तर अनुनाद दक्षिणेकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी होतो. कोडमध्ये उलटे दिसले तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे, दुसरे काही कारण शोधू नका.

१०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या ०.५५ पट, लोरेन्ट्झ गुणक १.२. अनुनादासाठी त्याचा समांतर वेग प्रकाशाच्या ०.२ पट हवा. हे जुळते पिच कोन ६८ अंश असताना. (पिच कोन म्हणजे वेग आणि क्षेत्ररेषा यांतला कोन.) विषुववृत्तावर ३० अंशांचा पिच कोन असलेला तितक्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन तिथे जुळत नाही, त्याला क्षेत्ररेषेवर सुमारे १७ अंश चुंबकीय अक्षांशापर्यंत जावे लागते. तिथे क्षेत्र वाढलेले असते, अटीचे पारडे बदलते आणि जोड जमते. रात्रीच्या बाजूला कोरस बहुधा १५ अंशांच्या आतच मावळतो, म्हणजे या इलेक्ट्रॉनाला तिथे लहर भेटतच नाही. दिवसाच्या बाजूला ती जास्त अक्षांशांपर्यंत पोचते. लहर कुठवर जाते हा सिम्युलेशनमधला एक साधा आकडा असतो, पण वातावरणात कोणत्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पडणार हे त्या आकड्यावर ठरते.

शेवटचा आकडा लॉस कोनचा. क्षेत्ररेषेवरून खाली येताना वातावरणात शिरणारे इलेक्ट्रॉन विषुववृत्तावर किती पिच कोनाच्या आत असतात? पाच त्रिज्यांच्या क्षेत्ररेषेसाठी उत्तर ३.८ अंश. इतक्या बारीक शंकूत जे शिरले ते गेले.

क्षेत्ररेषा उभारणे

पूर्ण त्रिमितीय द्विध्रुव घेता येतो, पण पहिल्या कोडसाठी सरळ केलेली क्षेत्ररेषा बरी: रेषेच्या दिशेला झेड म्हणायचे, आणि क्षेत्र फक्त झेडवर अवलंबून ठेवायचे. विषुववृत्ताजवळ सोपे सूत्र चालते, क्षेत्र = विषुववृत्तीय क्षेत्र × (१ + ४.५ × अक्षांशाचा वर्ग), अक्षांश रेडियनमध्ये. १५ अंशांवर हे सूत्र १.३१ पट देते आणि खरा द्विध्रुव १.३५ पट, म्हणजे चालण्याजोगे. २० अंशांवर १.५५ विरुद्ध १.६९, आणि त्यापुढे सूत्र सोडून द्यावे. जास्त अक्षांश लागणार असतील तर द्विध्रुवाच्या रेषेवरचे अंतर आणि अक्षांश यांचा तक्ता करून त्यातून क्षेत्र काढा. तक्त्यातून काढताना घन स्प्लाइन वापरा. रेषीय अंतर्वेशनात क्षेत्राचा उतार प्रत्येक खुणेवर उडी मारतो आणि चुंबकीय आघूर्ण (आडव्या संवेगाच्या वर्गाला क्षेत्राने भागून मिळणारी, लहर नसताना स्थिर राहायला हवी अशी राशी) हळूहळू सरकू लागते.

इथली मोठी चूक वेगळीच आहे. क्षेत्राचा केवळ झेड घटक लिहून थांबले तर इलेक्ट्रॉन परतच फिरत नाही. सरळ ध्रुवापर्यंत निघून जातो. कारण परत ढकलणारे बल झेड घटकातून येतच नाही. ते येते क्षेत्ररेषा जवळ येताना निर्माण होणाऱ्या आडव्या घटकांतून. म्हणून एक्स घटक = −(एक्स ÷ २) × क्षेत्राचा झेड दिशेतला उतार, आणि वाय घटकही तसाच, हे दोन्ही घालावेच लागतात. यामुळे क्षेत्राचे अपसरणही शून्य राहते. या एक्स आणि वाय म्हणजे गिरकीच्या केंद्रापासूनची अंतरे. ३० अंशांच्या आपल्या इलेक्ट्रॉनासाठी ती विषुववृत्ताजवळ सव्वादोन किलोमीटरच्या आसपास असतात. सुरुवातीचे स्थान शून्यावर ठेवू नका. गिरकीचे केंद्र शून्यावर यावे अशा बेताने कणाला त्याच्या गिरकी-त्रिज्येइतके बाजूला ठेवा, नाहीतर पिच कोन पहिल्याच गिरकीत डुलू लागतो.

इलेक्ट्रॉन ढकलणे

बोरिस पद्धत वापरा. १९७० पासून प्लाझ्मा सिम्युलेशनचा कणा तीच आहे, आणि कारण साधे आहे: चुंबकीय क्षेत्रात ती संवेगाला फक्त फिरवते, लांबी बदलत नाही, त्यामुळे कितीही पायऱ्या चालवल्या तरी चुंबकीय क्षेत्रामुळे खोटी ऊर्जा येत नाही. चौथ्या क्रमाची रुंग-कुट्टा पद्धत एका गिरकीत जास्त अचूक दिसते, पण लाखो पायऱ्यांत ऊर्जा एकाच दिशेने सरकत जाते.

क्रम असा. वेगाऐवजी लोरेन्ट्झ गुणक × वेग ही राशी साठवा. विद्युतक्षेत्राचा अर्धा धक्का द्या. मिळालेल्या राशीवरून लोरेन्ट्झ गुणक काढा, त्याने गिरकी-वारंवारता भागा आणि फिरवा. मग विद्युतक्षेत्राचा उरलेला अर्धा धक्का. मग पुन्हा लोरेन्ट्झ गुणक काढून स्थान पुढे सरकवा. स्थान आणि संवेग यांच्यात अर्ध्या टाइमस्टेपचे अंतर असते हे विसरू नका. सुरुवातीला संवेगाला अर्धी पायरी मागे न्यावे लागते, आणि पिच कोन नोंदवताना दोन्ही एकाच क्षणाचे असावेत.

टाइमस्टेप किती? एका गिरकीत २० पायऱ्या घेतल्या तरी ऊर्जा शाबूत राहते, पण गिरकी थोडी मंद होते. बोरिस फिरवण्यातली सापेक्ष चूक म्हणजे (एका पायरीतला गिरकीचा कोन)² ÷ १२. वीस पायऱ्यांत ती ०.८ टक्के, पन्नास पायऱ्यांत ०.१३ टक्के. वरकरणी किरकोळ. पण अनुनाद गिरकीच्या वारंवारतेवरच उभा असल्याने ती चूक अनुनादाची जागा सरकवते. १०० पिकोटेस्लाच्या लहरीत अडकलेला इलेक्ट्रॉन फेजमध्ये एक हेलकावा घ्यायला सात-आठ मिलिसेकंद लावतो, म्हणजे पन्नासेक गिरक्या. वीस पायऱ्यांच्या हिशोबात तेवढ्यात जवळपास अर्धा फेरा चुकतो. उपाय दोन: पन्नास पायऱ्या घ्या, किंवा फिरवण्याच्या सूत्रात अर्ध्या कोनाच्या जागी त्याचा टॅन्जन्ट घाला. दुसऱ्या उपायाने कोन अचूक येतो आणि खर्च फारसा वाढत नाही.

विषुववृत्तावर पन्नासावा भाग म्हणजे सुमारे २.८ मायक्रोसेकंद. पण इलेक्ट्रॉन वर जाताना क्षेत्र वाढते. ३० अंशांचा पिच कोन असलेला इलेक्ट्रॉन क्षेत्र चौपट होईपर्यंत जातो, पाच अंशांचा असलेला १३० पट होईपर्यंत. टाइमस्टेप सर्वांत मोठ्या क्षेत्रावरून ठरवला तर लॉस कोनजवळचे मोजके कण सगळ्या सिम्युलेशनला जेरीस आणतात. जिथे लहर नाही तिथे पूर्ण गिरकी मोजायची गरजच नसते. तेवढ्या भागात गाइडिंग सेंटर समीकरणे (गिरकी सोडून फक्त तिच्या केंद्राची हालचाल मोजणारी) वापरा आणि लहरीच्या हद्दीत परतताना इलेक्ट्रॉनाला यादृच्छिक फेज द्या. एका उसळीत हजारो गिरक्या होतात, त्यामुळे बहुतेक प्रश्नांसाठी हे रास्त आहे. एकाच अखंड लहरीशी पुन्हा पुन्हा गाठ पडण्याचा अभ्यास करायचा असेल तर मात्र हा आडमार्ग बंद.

लहर घालण्यापूर्वी इथेच थांबा आणि तपासा. लहरीविना ३० अंशांचा इलेक्ट्रॉन द्विध्रुवी रेषेवर सुमारे ३३ अंश अक्षांशावरून परत फिरला पाहिजे. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उत्तर-दक्षिण-उत्तर अशी पूर्ण फेरी सुमारे ०.८ सेकंदात व्हायला हवी. चुंबकीय आघूर्ण एका गिरकीत थरथरले तरी चालेल, पण त्याची गिरकीवर घेतलेली सरासरी शंभर फेऱ्यांनंतरही एका बाजूला कलता कामा नये. कलली तर उतार, स्प्लाइन आणि टाइमस्टेप या क्रमाने तपासा.

लहर घालणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

व्हिसलर लहर मूळ क्षेत्राभोवती उजव्या हाताने फिरते, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरतो त्याच दिशेने. लहर उत्तरेकडे जावो की दक्षिणेकडे, मूळ क्षेत्राच्या संदर्भात तिचे फिरणे उजवेच राहते. मूळ क्षेत्र झेड दिशेने असेल तर फेज = (२π × वारंवारता × वेळ) − (झेडवरचा तरंगसंख्येचा संकलित भाग) असा लिहा, एक्स घटक म्हणून आयाम × कोसाइन आणि वाय घटक म्हणून आयाम × साइन घ्या. अनेक जण सवयीने फेज उलटा, म्हणजे जागेचा भाग आधी आणि वेळ वजा असा लिहितात. तसे केले तर वाय घटकाचे चिन्ह बदलावे लागते. विसरलात तर लहर डावीकडे फिरते, अनुनाद गायब होतो आणि इलेक्ट्रॉनांवर काहीच परिणाम दिसत नाही. कोड मोडत नाही, इशारा देत नाही, नुसता शांत राहतो.

आता वरच्या वाक्यातला ‘संकलित भाग’. क्षेत्र झेडप्रमाणे बदलते, म्हणून तरंगसंख्याही बदलते. अशा वेळी फेजमध्ये तरंगसंख्या × झेड लिहिणे चूक आहे. त्या गुणाकाराचा उतार म्हणजे तरंगसंख्या अधिक झेड × तरंगसंख्येचा उतार, आणि इलेक्ट्रॉनाला जाणवते ती हीच भेसळ झालेली तरंगसंख्या. विषुववृत्तावर झेड शून्य असल्याने तिथे सगळे ठीक दिसते. दूर जाता जाता अनुनाद चुकीच्या अक्षांशावर सरकतो. बरोबर मार्ग म्हणजे प्रत्येक ठिकाणी अपवर्तनांकाच्या सूत्राने तरंगसंख्या काढायची, तिची विषुववृत्तापासून बेरीज (संकलन) करायची, तक्ता करायचा आणि फेज त्या तक्त्यातून घ्यायचा.

हीच चूक वेळेच्या बाजूनेही होते. कोरसचा स्वर वर चढत जातो, सेकंदाला कित्येक किलोहर्ट्झच्या गतीने. बदलती वारंवारता × वेळ असे लिहिले तर स्वर दुप्पट गतीने चढतो. इथेही संकलन हवे. ज्यांनी पहिली चूक टाळली तेही दुसरीत सापडतात, कारण पहिल्या आवृत्तीत वारंवारता स्थिर असते आणि चढता स्वर नंतर घाईत जोडला जातो.

विद्युतक्षेत्र वेगळे ठरवू नका. ते फॅराडेच्या नियमातून येते. आपल्या मांडणीत एक्स दिशेतले विद्युतक्षेत्र = फेज वेग × लहरीचा वाय घटक, आणि वाय दिशेतले = −फेज वेग × लहरीचा एक्स घटक. लहर उलट दिशेने जात असेल तर फेज वेग ऋण. १०० पिकोटेस्लाच्या लहरीसाठी विद्युतक्षेत्र मीटरमागे साधारण ३.४ मिलिव्होल्ट निघते. नुसते चुंबकीय क्षेत्र घालून विद्युतक्षेत्र वगळले तर पिच कोन बदलताना दिसतो, पण ऊर्जा कधीच बदलत नाही, आणि प्रवेगाचा सगळा विषयच हातातून जातो.

आयामाबद्दल थोडे. दहा-वीस पिकोटेस्ला म्हणजे शांत लहर, शंभर म्हणजे नित्याची जोरदार, आणि व्हॅन ॲलन प्रोब्जसारख्या यानांनी एक नॅनोटेस्लाच्या पुढचेही आयाम मोजले आहेत. सुरुवात १० पिकोटेस्लाने करा. लहरीची सुरुवात आणि शेवट एकदम तोडू नका. काही तरंगलांब्यांत कोसाइनच्या आकाराने चढवा आणि उतरवा. धारदार कडेवर इलेक्ट्रॉनाला जो झटका बसतो तो निसर्गात नसतो, पण आलेखात तो खऱ्या विखुरण्याइतकाच ऐटीत दिसतो.

मग ही चाचणी. मूळ क्षेत्र सगळीकडे सारखे ठेवा, एकच लहर घाला, इलेक्ट्रॉन सोडा आणि एकूण ऊर्जा − (फेज वेग × समांतर संवेग) ही राशी वेळेप्रमाणे काढा. ती स्थिर राहिलीच पाहिजे. लहरीबरोबर धावणाऱ्या निरीक्षकाला विद्युतक्षेत्र दिसतच नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने ऊर्जा बदलू शकत नाही. ही राशी म्हणजे तेच विधान. चिन्ह, ध्रुवीकरण, विद्युतक्षेत्र, लोरेन्ट्झ गुणक यांपैकी काहीही चुकले तर ती हलते. फक्त एक चूक या चाचणीत निसटू शकते: लहर डावीकडे फिरत असेल आणि विद्युतक्षेत्रही त्याला धरून असेल तर राशी स्थिरच राहते. म्हणून सोबत दुसरी चाचणी घ्या. १० ते ८० अंश पिच कोनांचे, लहरीच्या समोरून येणारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडा. सर्वांत जास्त हालचाल ६८ अंशांजवळ दिसली पाहिजे. या दोन चाचण्या पास झाल्याशिवाय द्विध्रुवाकडे परतू नका.

फेज आणखी एका जागी निसटतो: संगणकाच्या अचूकतेत. सिंगल प्रिसिजनमध्ये सुमारे सातच अंक धरले जातात. २.१ किलोहर्ट्झच्या लहरीचा फेज ८० सेकंदांत दहा लाख रेडियनच्या पुढे जातो. तिथे शेजारच्या दोन आकड्यांतले अंतरच ०.०६ रेडियन होते. डबल प्रिसिजन वापरा, आणि फेज प्रत्येक फेरीला पूर्ण वर्तुळाने भागून बाकी ठेवा.

हजारो इलेक्ट्रॉन आणि त्यांचा अर्थ

एका इलेक्ट्रॉनाच्या मार्गावरून निष्कर्ष काढायचा नसतो, कारण त्याचे नशीब सुरुवातीच्या फेजवर अवलंबून असते. प्रत्येक ऊर्जा आणि पिच कोनासाठी वर्तुळावर समान अंतराने किमान ३६ फेज घ्या. चांगल्या आकडेवारीसाठी काहीशे. पिच कोन समान अंतराने घेतले तरी चालतात, पण मग खऱ्या वितरणाचे वजन नंतर लावावे लागते. विषुववृत्त ओलांडणाऱ्या कणांत प्रत्येक कोनाचा वाटा साइन × कोसाइनच्या प्रमाणात असतो. हे वजन विसरले की लॉस कोनमध्ये खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन पडताना दिसतात.

०.८ सेकंदाची एक फेरी २ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी म्हणजे चार लाख पायऱ्या. दहा हजार इलेक्ट्रॉनांसाठी चार अब्ज ढकलण्या. कण एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून हे काम हव्या तितक्या कोअरवर वाटता येते. पायथनमध्ये लिहीत असाल तर कणांवरचे लूप नमपायच्या ॲरेत किंवा नुम्बात न्या. प्रत्येक पायरी डिस्कवर लिहू नका. विषुववृत्त ओलांडतानाचा पिच कोन, ऊर्जा आणि फेज एवढे तीन आकडे बहुतेक प्रश्नांना पुरतात.

आता निकाल वाचणे. एका फेरीतल्या पिच कोन-बदलांचा वर्ग घ्या, सरासरी काढा, फेरीच्या दुप्पट वेळेने भागा: हा विसरण गुणांक, म्हणजे इलेक्ट्रॉन पिच कोनात किती झपाट्याने पसरतात याचे माप. पण सरासरी आधी वजा करा, आणि मुख्य म्हणजे बदलांचा आलेख डोळ्यांनी पाहा. १० पिकोटेस्लाला तो शून्याभोवती सममित असतो आणि आयाम दुप्पट केला की गुणांक चौपट होतो. ही चौपट टिकली तोवर क्वासी-लिनियर सिद्धान्ताची (लहर दुबळी मानून तिच्या परिणामाला संथ विसरण समजणाऱ्या सिद्धान्ताची) जमीन आहे. १९६६ मध्ये केनेल आणि पेट्शेक यांनी याच विचारसरणीने पट्ट्यांत किती इलेक्ट्रॉन टिकू शकतात याची मर्यादा मांडली, आणि १९७२ मध्ये लायन्स, थॉर्न आणि केनेल यांनी दोन पट्ट्यांमधली रिकामी फट याच मार्गाने समजावली.

आयाम ३०० पिकोटेस्लाकडे नेला की चित्र मोडते. बहुतेक इलेक्ट्रॉन थोडे थोडे एकाच बाजूला सरकतात, आणि मोजके लहरीत अडकून दुसऱ्या बाजूला दूरवर ओढले जातात. आलेखाला एक लांब शेपूट फुटते. अशा वेळी सरासरी वर्ग काढून त्याला विसरण म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या घटना एका आकड्यात कोंबणे आहे. मोठ्या कोडला द्यायला विसरण गुणांक हवा असतो, हे खरे. पण मग सरासरी सरकणे वेगळे द्या, शेपटीतला वाटा वेगळा द्या. लहर अडकवेल की नाही हे तिच्या आयामाइतकेच क्षेत्राच्या उतारावर आणि स्वर चढण्याच्या गतीवर अवलंबून असते, म्हणून चढता स्वर घालून तोच प्रयोग पुन्हा करून पाहा. सापळा विषुववृत्ताजवळ जास्त वेळ टिकतो आणि ऊर्जावाढ ठळक होते.

लहर तिरकी गेली की आणखी अनुनाद उघडतात (शून्यावा, दुसरा, उलटा पहिला) आणि समांतर विद्युतक्षेत्र येते. ते पुढच्या आवृत्तीसाठी ठेवा. हिस (सरसर आवाजासारख्या व्हिसलर लहरी) किंवा आयन सायक्लोट्रॉन लहरी (आयनांच्या गिरकीशी निगडित लहरी) घ्यायच्या असतील तर सांगाडा तोच राहतो. विक्षेपण सूत्र (वारंवारता आणि तरंगसंख्या यांचे नाते) आणि ध्रुवीकरण बदलते, आणि आयन सायक्लोट्रॉन लहरींच्या बाबतीत अनुनाद बहुधा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातल्या इलेक्ट्रॉनांशी होतो.

लहर स्वतः उगवावी असे वाटल्यावर

कोरसची ऊर्जा येते पिच कोनांच्या असमानतेतून: गरम इलेक्ट्रॉनांचे आडवे तापमान समांतर तापमानापेक्षा जास्त असते. किती जास्त हवे? तापमानांचे गुणोत्तर वजा १ हा आकडा १ ÷ (गिरकी-वारंवारता ÷ लहरीची वारंवारता − १) पेक्षा मोठा हवा. आपल्या ०.३ पट लहरीसाठी गुणोत्तर १.४३ च्या वर. कोडमध्ये लहर लवकर वाढावी म्हणून ते बरेचदा ३ ते ५ घेतात.

पार्टिकल-इन-सेलची अडचण मापांच्या तफावतीत आहे. आपल्या प्लाझ्मात एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थंड इलेक्ट्रॉनांची डिबाय लांबी (ज्या अंतरात प्लाझ्मा एखाद्या भाराचा प्रभाव झाकून टाकतो) अडीच मीटरच्या आत, प्लाझ्माची त्वचा-खोली (विद्युतचुंबकीय क्षेत्र प्लाझ्मात शिरते ती खोली) १.७ किलोमीटर, तरंगलांबी १६ किलोमीटर आणि क्षेत्ररेषेचा उपयोगी भाग वीसेक हजार किलोमीटर. सेल डिबाय लांबीहून बराच मोठा घेतला की थंड प्लाझ्मा आपोआप तापू लागतो, आणि ही उष्णता निव्वळ ग्रिडची असते. म्हणून थंड इलेक्ट्रॉन द्रव मानून फक्त गरम इलेक्ट्रॉन कण म्हणून चालवणारे संकरित कोड वापरतात. जपानच्या कातोह आणि ओमुरा यांनी २००७ मध्ये अशाच कोडने चढत्या स्वराचा कोरस संगणकात उगवून दाखवला. दुसरा प्रचलित मार्ग म्हणजे क्षेत्राचा उतार मुद्दाम वाढवून क्षेत्ररेषा आखूड करणे. तसे केले तर कोरस उगवायला लागणारा आयामही वाढतो, हे निकालासोबत लिहिणे आवश्यक आहे.

सुरुवात एकमितीय, सारख्या क्षेत्राच्या पेटीने करा. एपॉक किंवा स्मायली हे खुले कोड यासाठी चालतात. पेटी किमान आठ-दहा तरंगलांब्यांची ठेवा. लहान पेटीत मोजक्याच तरंगसंख्या मावतात आणि वाढणारी लहर त्यांच्यात नसेल तर काहीच वाढत नाही. टाइमस्टेप असा हवा की प्रकाश एका पायरीत एक सेल ओलांडणार नाही. गोंगाट कणसंख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणून निम्मा करायला चौपट कण लागतात. आधी तापमानांचे गुणोत्तर १ ठेवून चालवा: काहीही वाढता कामा नये, आणि जी पातळी दिसेल ती तुमच्या कोडची स्वतःची कुजबूज. मग असमानता वाढवा, चुंबकीय ऊर्जा लघुगणकी आलेखावर काढा आणि सरळ चढणाऱ्या भागाचा उतार रेषीय सिद्धान्ताच्या वाढदराशी ताडा. तो जुळला की उगवलेल्या लहरीचा आयाम आणि वारंवारता काढून घ्या आणि तुमच्या टेस्ट पार्टिकल कोडमध्ये घाला. फेज संकलन करूनच.